ऊर्जा वाचवायचा कायदा आहे, मग तेल साठवायचा का नाही?

रंकाळ्याकाठी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोय. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल पेटलं तेव्हा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर 'टाक्या फुल्ल करून ठेवा' म्हणून मेसेज फिरले, आठवड्याभरात सगळे विसरले पण. मी मात्र तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. इराणला लागून असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगातलं साधारण पाचवा हिस्सा तेल जातं आणि आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो.

अमेरिकेनं १९७३ च्या तेलबंदीचा दणका खाल्ल्यावर डिसेंबर १९७५ मध्ये एकच कायदा केला. तेलाचा राष्ट्रीय साठा, मोटारींच्या सरासरी मायलेजची सक्ती, घरगुती उपकरणांवर किती वीज खाते त्याचं लेबल, सगळं त्यातच. जपानचे कायदे दोन वेगळे, साठ्याचा १९७५ चा आणि बचतीचा १९७९ चा, पण दोन्ही आहेत. आपल्याकडं ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ आहे, १ मार्च २००२ पासून लागू. फ्रीजवरचे तारे त्याच कायद्यातून आले. पण त्यात तेलाच्या साठ्याबद्दल अवाक्षर नाही. आपला साठा आहे, तो सरकारी निर्णयानं, कंपनी काढून उभा केलेला. अमुक दिवसांचं तेल देशात असलंच पाहिजे असं कुणावर कायद्यानं बंधन नाही.

माझं मत, असं बंधन पाहिजे आणि ते बचतीच्या कायद्याला जोडूनच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

तांबडा_पांढरा
विषय भारी काढलास भावा. आमची टाकी कायम रिझर्व्हवर, देशाची तरी भरलेली असूदे.

शिरोली_फौंड्री
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साठ्याचं दिल्लीवाले बघतील. आम्हाला २००१ च्या कायद्यानं काय दिलं ते आधी सांगा. त्या कायद्याखाली मोठ्या कारखान्यांना वीज-इंधन कमी करायचं टार्गेट देतात, २०१२ पासून, सिमेंट, स्टील, खत, कागद, औष्णिक वीज असले. टार्गेटपेक्षा जास्त वाचवलं तर प्रमाणपत्र मिळतं, ते विकता येतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरातली आमची फौंड्री त्या यादीत बसतच नाही, आम्ही लहान. म्हणजे दंड नाही हे बरं, पण बक्षीसही नाही.

आणि वाचवायला आमच्याकडं लई आहे हो. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. आता बघा, भट्टीवर झाकण नसलं की वरनं उष्णता नुसती जाते, उभं राहवत नाही तिथं. पण झाकण ठेवलं की चार्ज टाकणारा पोरगा वैतागतो, दर वेळी उचलायचं, क्रेन मोकळी नसते, मग झाकण भिंतीला टेकून पडून राहतं. दुसरं म्हणजे रिटर्न माल, परत वितळवायचं लोखंड. रनर-रायझरला, म्हणजे साच्यात रस जायच्या वाटांत गोठलेल्या तुकड्यांना, वाळू चिकटलेली असते, ती तशीच भट्टीत टाकली की वाळूपण वितळवत बसायचं, त्याचा स्लॅग, म्हणजे वरचा मळ, होतो, तो काढायला परत भट्टी उघडी. शॉट ब्लास्ट करून, म्हणजे छर्रे मारून साफ करून टाकला तर हीट (भट्टीची एक खेप) लवकर निघते, बिलात दिसतं. हे सांगायला आमच्याकडं कुणी आलं नाही, आम्ही आमचं शिकलो.

नाळे_कॉलनी
दादा, मुद्दा पटला पण तुमची भट्टी विजेवर चालते. आपली वीज मुख्यतः कोळशाची. तुम्ही १०० युनिट वाचवले तर कोळसा वाचला, तेल नाही वाचलं. धागा तेलाचा आहे.

शिरोली_फौंड्री
लाईट गेली की जनरेटर कशावर चालतो मग? डिझेलवरच की.

नाळे_कॉलनी
ते बरोबर, पण तो सगळ्या डिझेलमधला लहान वाटा. खरं डिझेल ट्रकमध्ये आणि खरं पेट्रोल दुचाकीत जळतंय. २०१३ च्या सुमारास पेट्रोलियम मंत्रालयासाठी पंपापंपावर जाऊन पाहणी झाली होती, त्यात देशातलं साधारण ६१ टक्के पेट्रोल एकट्या दुचाकी पितात असं निघालं होतं. कोल्हापुरात तर विचारायलाच नको.

बिंदू_चौक_बुलेट
आता आमच्या बुलेटवर नजर गेली तुमची 😀 आवं सगळं सोडीन पण जोतिबाला बुलेटवरनंच जाणार.

वकीलताई_कसबा_बावडा
रंकाळ्याकाठी, तुमची मांडणी चांगली आहे पण एका गोष्टीत अर्धवट आहे. २००१ च्या कायद्याचा तेलाशी संबंधच नाही असा अर्थ त्यातून निघतो, तसं नाही. मोटारींच्या सरासरी इंधनवापराचे निकष याच कायद्याखाली आले आणि २०१७ पासून लागू झाले, २०२२ पासून अजून कडक झाले. त्यात एकेका मॉडेलचं बघत नाहीत, कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी बघतात. म्हणून एखादी कंपनी दणकट गाडी विकते आणि सरासरी खाली आणायला सीएनजी, हायब्रिड, इलेक्ट्रिकही विकते.

२०२२ ची दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. तिच्यात वाहनं आणि जहाजं कायद्यात स्पष्ट घेतली, कार्बन क्रेडिटचा बाजार आणला, ठराविक उद्योगांना बिगर-जीवाश्म ऊर्जा वापरायचं किमान प्रमाण ठरवून देता येईल अशी तरतूद केली. दंड साधारण १० लाखांपर्यंत. गाड्यांच्या बाबतीत निकष चुकला तर त्याशिवाय विकलेल्या प्रत्येक गाडीमागं २५,००० किंवा ५०,००० रुपये, किती चुकला त्यावर. म्हणजे तेल वाचवायला दात असलेलं कलम आहे.

पण हे मोटारींचे निकष. दुचाकीला नाहीत. नाळे_कॉलनी यांनी सांगितलेला ६१ टक्क्यांचा आकडा आणि ही गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा.

रंकाळ्याकाठी
ताई, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फ्रीजला तारे, पंख्याला तारे, एसीला तारे आणि ज्यात अर्ध्याहून जास्त पेट्रोल जातं त्या गाडीला एकही तारा नाही. शोरूमला गेलं की मायलेज सेल्समन सांगेल ते.

शाहूपुरी_वहिनी
पंख्याचं निघालं म्हणून सांगते, साधा सिलिंग फॅन ७५ वॉट खातो, बीएलडीसीवाला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. आमच्याकडं सगळे बदलले. सासूबाईंना रिमोट सापडत नाही एवढीच तक्रार आहे, एरवी बिलात फरक कळतो. २०२३ पासून पंख्याला तारे सक्तीचे झालेत, घेताना बघून घ्या. आणि एसी नवीन घेतला की आपोआप २४ वर सुरू होतो, ते पण याच कायद्यानं.

तांबडा_पांढरा
वहिनी कोल्हापुरात एसी? रंकाळ्यावर येऊन बसा की संध्याकाळी, भेळ आमच्याकडून.

शाहूपुरी_वहिनी
मे महिन्यात दुपारी दोनला बसून दाखवा तिथं, भेळ मी देते.

कागल_ऊसवाला
कुणी इथेनॉलचं बोलंना म्हणून मी बोलतो. साठा साठा म्हणताय, आमच्या शेतात उभा आहे की साठा. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिसळायचं साल २०३० धरलेलं, २०२२ ला ते अलीकडं ओढून २०२५-२६ केलं आणि २०२५ मध्ये गाठलं पण. साखर कारखान्याला साखरेवर जे पैसे सुटत नव्हते ते इथेनॉलवर सुटायला लागले, आमची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, वेळेत यायला त्याचा हातभार लागला. कोल्हापूर जिल्ह्यानं देशाचं तेल वाचवलंय, लिहून घ्या.

पण ७ डिसेंबर २०२३ ला काय झालं? गाळप हंगाम ऐन भरात आणि केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, पाऊस कमी झाला, साखर कमी पडंल म्हणून. डिस्टिलरीला कर्ज काढून पैसा घातलेला, टाक्या रिकाम्या. नंतर सवलती दिल्या, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामासाठी मोकळीक दिली, पण तो हंगाम गेला तो गेलाच. एका आदेशावर पिकाचं गणित फिरतंय. म्हणून मी रंकाळ्याकाठींच्या बाजूचा, कायद्यात लिहा. देशाच्या इंधन सुरक्षेत इथेनॉल धरलंय तर ते आदेशानं मधेच बंद करता येणार नाही असं लिहा.

बिंदू_चौक_बुलेट
काका, इथेनॉलनं आमचं ॲव्हरेज गेलं त्याचं काय? माझी २०१६ ची गाडी, २० टक्केवालं पेट्रोल आल्यापासनं टाकी लवकर संपतेय.

नाळे_कॉलनी
त्यात तथ्य आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, कमी ऊर्जा म्हटल्यावर थोडं ॲव्हरेज जाणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या मोटारींना ६ ते ७ टक्के आणि दुचाकींना ३ ते ४ टक्के घट येईल असा अंदाज होता, २० टक्क्यांसाठी बनवलेल्या इंजिनला कमी. त्यामुळं लोक म्हणतात तसं पार निम्मं ॲव्हरेज इथेनॉलनं जात नाही, तेवढं गेलं असेल तर गाडी एकदा मेकॅनिकला दाखव.

पण काका, तुमच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. दुष्काळाच्या वर्षी रस इथेनॉलला जायचा की साखरेला हे सरकारला ठरवता आलंच पाहिजे. ऊस पाणी पितो, आपल्या पंचगंगेला आहे म्हणून आपल्याला जाणवत नाही, मराठवाड्यात जाऊन बघा. पाऊस पडला तरच भरणाऱ्या टाकीला साठा कसं म्हणायचं?

कागल_ऊसवाला
आणि अरबस्तानातनं येणाऱ्या जहाजाच्या भरवशावर असलेल्याला सुरक्षा म्हणायचं? शेतकऱ्याला मधेच पाडायचं नाही एवढंच म्हणतोय मी. बदल करायचा तर हंगाम सुरू व्हायच्या आधी सांगा, ऑक्टोबरात सांगा, डिसेंबरात नको.

वकीलताई_कसबा_बावडा
काकांची ही मागणी रास्त आहे आणि कायद्यात बसण्यासारखीही आहे. पूर्ण बंदीचा अधिकार काढून घ्यायची गरज नाही, किती आधी सूचना द्यायची ते बांधता येतं.

पुन्हा_गारगोटी
एक शंका. तो साठा असतो कुठं? म्हणजे टाक्यांत?

रंकाळ्याकाठी
जमिनीखाली, खडकात. विशाखापट्टणम १३.३ लाख टन, मंगळूर १५ लाख टन आणि पादूर २५ लाख टन, एकूण ५३.३ लाख टन. पादूर उडुपी जिल्ह्यात, म्हणजे आपल्याला दिल्लीपेक्षा कितीतरी जवळ. खडकात प्रचंड बोगदे खोदलेत, आतून पत्रा वगैरे काही नाही. भोवतीच्या खडकातल्या पाण्याचा दाब तेलाच्या दाबापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे तेल भेगांतून बाहेर जात नाही, उलट थोडं पाणी आत झिरपतं ते तळातून उपसून काढतात. अमेरिकेचा साठा टेक्सास-लुइझियानात मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्यांत आहे, तो ७१ कोटी बॅरलपर्यंत मावतो.

आपला तिन्ही मिळून पूर्ण भरला तर साधारण साडेनऊ दिवसांचा. तेल कंपन्यांकडचं धरून ७४ दिवसांच्या आसपास असं सरकारनं संसदेत सांगितलंय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पूर्ण सभासद देशांना निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा ठेवावाच लागतो. आपण २०१७ पासून तिथं सहयोगी आहोत, त्यामुळं ते बंधन आपल्याला लागू नाही. २०२१ मध्ये चंडीखोल आणि पादूरला मिळून अजून ६५ लाख टनांची मंजुरी दिलीय.

शिरोली_फौंड्री
आणि ते भरायला पैसा कुणाचा? ५३ लाख टन म्हणजे साधारण ३ कोटी ९० लाख बॅरल. ७० डॉलरनं धरलं तरी २० हजार कोटींच्या वर रुपये नुसते जमिनीखाली पडून. धंद्यात आम्ही जादा कच्चा माल ठेवत नाही, व्याज खातं.

रंकाळ्याकाठी
पडून नाही राहत दादा. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये लॉकडाऊनमुळं तेल कोसळलं तेव्हा सरासरी १९ डॉलरच्या भावानं या गुहा भरून घेतल्या, ५ हजार कोटींच्या वर वाचले असं सरकारनंच संसदेत सांगितलंय. मंगळूरला तर अबू धाबीच्या कंपनीला जागा भाड्यानं दिलीय, तेल त्यांचं, अडचणीत पहिला हक्क आपला. आणि फौंड्रीत पिग आयर्न संपलं तर एक शिफ्ट बसते, देशात डिझेल संपलं तर दुधाचा टँकर उभा राहतो.

पंपवाला_हायवे
इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. मी पंप चालवतो. ऑगस्ट २०१९ आठवतोय का कुणाला? शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याकडनंही गाडी नाही आणि बेळगावकडनंही नाही. आमचा माल सांगली जिल्ह्यातल्या डेपोतून येतो, तिकडंही पूरच. प्रशासनानं सांगितलं उरलेलं पेट्रोल-डिझेल ॲम्ब्युलन्स, बोटी, पोलीस, पाणीपुरवठा यांनाच द्यायचं. बरोबरच होतं ते. पण लोक येऊन हात जोडायचे, कुणाची आई ॲडमिट, कुणाला गडहिंग्लजला पोचायचंय. नोझल बंद ठेवून त्यांच्याशी बोलायचं ही काय अवस्था असते ते मला माहीत.

लोकांना वाटतं पंपाच्या टाकीत खोटं 'संपलं' म्हणतात. टाकीच्या तळाला काही माल राहतोच, मोटर तो ओढत नाही. शिवाय पावसाळ्यात आम्ही डिप रॉडला (टाकीत माल मोजायच्या दांड्याला) पाणी तपासायची पेस्ट लावून रोज बघतो. इथेनॉल मिसळल्यापासून हे जास्त जपावं लागतं, कारण टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि वरचं पेट्रोल वेगळं होतं, तो माल विकता येत नाही. पूर आला की पहिली भीती टाकीच्या झाकणातून पाणी जायची.

१ आणि २ जानेवारी २०२४ पण आठवा. नवीन फौजदारी कायद्यात अपघात करून पळून जाण्याच्या शिक्षेवरून ट्रकचालकांनी चाक बंद केलं, राज्यभर पंपांवर रांगा. तेव्हा ना युद्ध होतं ना पूर. तर माझा सरळ प्रश्न, पादूरच्या गुहेत कच्चं तेल आहे त्याचा या दोन्ही वेळी कोल्हापूरला काय उपयोग झाला?

बिंदू_चौक_बुलेट
दादा जिंकलास. २०१९ ला आमच्या तालमीची पोरं बोटीतनं माणसं काढत होती, बोटीच्या इंजिनाला पेट्रोल मिळवायला किती फिरलो.

पुन्हा_गारगोटी
२०२१ च्या जुलैत पण तेच.

उद्यमनगर_जुना
माझं वय झालं, पण १९७३-७४ आठवतं. बॅरलला तीन डॉलरचं तेल बाराच्या घरात गेलं. रॉकेलच्या रांगेत आईबरोबर उभा राहायचो. त्याच काळात वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. १९७४ ला बॉम्बे हाय सापडलं तेव्हा आमच्या लेथच्या दुकानात पेढे वाटले होते. त्यानंतर १९७६ पर्यंत परदेशी तेल कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या. तेव्हा कायदे करून कंपन्या घेतल्या, पण साठ्याचा कायदा त्या वेळीही केला नाही, हे या धाग्यामुळं लक्षात आलं.

आणि पोरांनो, गुऱ्हाळ विसरू नका. चुलवणात चिपाडाशिवाय दुसरं काही जळत नाही. रस काढला की चिपाड अंगणात पसरून वाळवायचं आणि तेच काहिलीखाली. ओलं चिपाड घातलं की धूर होतो, जाळ लागत नाही, गुळव्या शिव्या घालतो. चुलवणाची रचना चांगली असली तर चिपाड उरतं, ते विकता येतं. त्याला कुठलाही कायदा लागत नाही.

तांबडा_पांढरा
आजोबा, गुऱ्हाळाचं काढलंत, आता गरम काकवी पाहिजे. अमेरिकेच्या त्याच १९७५ च्या कायद्यात सिग्नल लाल असताना उजवीकडं वळायला राज्यांनी परवानगी द्यावी असंही होतं म्हणे, थांबून पेट्रोल जळू नये म्हणून. आपल्याकडं दाभोळकर कॉर्नरला हे आपण कायदा यायच्या आधीपासनं पाळतोय.

वकीलताई_कसबा_बावडा
पंपवाला_हायवे यांच्या प्रश्नामुळं मूळ प्रश्नाकडं परत येते.

२०१९ ला पेट्रोल राखून ठेवता आलं ते दोन कायद्यांच्या जोरावर, जीवनावश्यक वस्तू अधिनियम १९५५ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५. १९५५ च्या कायद्याच्या कलम ३ खाली पेट्रोल-डिझेलची साठवण, वाटप, विक्री यांचं नियमन करता येतं. पण तो कायदा टंचाईच्या, काळ्या बाजाराच्या काळात जन्मला. त्याचा सगळा कल जास्त साठा दडवून ठेवणाऱ्याला धरण्याकडं आहे. कमी साठा ठेवणाऱ्याला जाब विचारायची सवय त्याला नाही. माझ्या मते खरी उणीव इथं आहे, २००१ च्या कायद्यात नाही.

म्हणून रंकाळ्याकाठींशी मी निम्मी सहमत. बंधन पाहिजे, पण बचतीच्या कायद्यात कोंबू नका. तो चालवणारा ऊर्जा दक्षता ब्युरो वीज मंत्रालयाखाली, तेल पेट्रोलियम मंत्रालयाखाली. एका कायद्यात दोन मंत्रालयं आली की फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. साठ्याचा वेगळा कायदा करा आणि त्यात तीन थर ठेवा, गुहेतलं कच्चं तेल, कंपन्यांकडचा तयार माल, आणि पूरप्रवण जिल्ह्यांत डेपो-पंपावरचा किमान माल. दुचाकीला तारे द्यायला मात्र नवीन कायदा लागत नाही, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अधिसूचना पुरेशी आहे.

रंकाळ्याकाठी
ताई, मंत्रालयांचा मुद्दा पटतो, तरी मी एकाच कायद्याच्या बाजूनं आहे. वेगळे केले की साठ्याचं कुणी बघेल आणि बचतीचं कुणी बघणार नाही. दिवसांत मोजलेला साठा खप वाढला की आपोआप कमी होतो. साडेनऊ दिवस हा आकडा दरवर्षी गाड्या वाढताहेत तसा खाली सरकणार, गुहा तेवढीच राहिली तरी. हे दोन्ही एका माणसाच्या टेबलावर असलं तर त्याला ते दिसेल.

नाळे_कॉलनी
हा मुद्दा जबरदस्त आहे. मी ताईंच्या बाजूनं होतो, आता विचारात पडलो.

शिरोली_फौंड्री
मी पण पंपाच्या तिसऱ्या थराला पाठिंबा देतो. पण परत विचारतो, पंपवाल्यानं माल भरून ठेवायचा तर पैसा कुणाचा? दादा तुम्हीच सांगा.

पंपवाला_हायवे
तेच सांगणार होतो. आम्ही टँकर आगाऊ पैसे भरून घेतो. १२ हजार, २० हजार लिटरची गाडी म्हणजे रक्कम लहान नाही. पावसाळ्यात टाकी कायम भरलेली ठेव म्हटलं तर छोटा डीलर मरेल. पण उपाय आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटावर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका. ३९ चा इशारा झाला की कंपनीनं शहरातल्या आणि नदीपलीकडच्या ठरलेल्या पंपांना माल उधारीवर पाठवायचा, पाणी उतरल्यावर पैसे घ्यायचे, आणि त्यातला ठराविक भाग ॲम्ब्युलन्स-बोटींसाठी आधीच राखीव. ३९ ते ४३ व्हायला जो वेळ मिळतो तेवढ्यात टँकर येतो, रस्ता तोवर चालू असतो. तालमीच्या बोटवाल्यांची नावं पण त्या राखीव यादीत आधीच पाहिजेत, ऐनवेळी कलेक्टर ऑफिसला चिठ्ठी आणायला कोण जाणार. हे आदेशात बसतं का ताई?

वकीलताई_कसबा_बावडा
बसतं. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात घालता येईल, त्यासाठी संसदेची वाट बघायला नको. उधारीची अट मात्र तेल कंपन्यांना मान्य करावी लागेल, तिथं राज्य सरकारला मध्ये पडावं लागेल. तुम्ही पंपांची नावं आणि प्रत्येकाच्या टाकीची क्षमता गोळा करा, मी अर्जाचा मसुदा रविवारी इथंच टाकते.

बिंदू_चौक_बुलेट
तालमीच्या बोटी आणि त्यांना लागणारं पेट्रोल मी लिहून देतो. शिंगणापूर, चिखली, आंबेवाडीच्या पोरांना पण विचारतो.

कागल_ऊसवाला
ताई त्या मोठ्या कायद्याच्या मसुद्यात माझं ऑक्टोबरचं पण घ्या.